घंटेचा आकार आणि 'नॉर्मल' माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'नॉर्मल' हा शब्द आता मराठीच झाला आहे. रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण पहिल्यांदा विचारतो, "सगळं नॉर्मल आहे ना?" बाळाचं वजन नॉर्मल, बाळंतपण नॉर्मल, यंदाचा पाऊस नॉर्मल. नॉर्मल म्हणजे जसं असायला हवं तसं, आणि नॉर्मल नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, हा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे.

संख्याशास्त्रातही हा शब्द आहे. तिथे 'नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन' नावाची एक गोष्ट शिकवतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला 'प्रसामान्य वितरण' म्हणतात. नाव ऐकूनच अनेक विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. पण या 'नॉर्मल'ला चांगलं-वाईट काही कळत नाही. माणसं, झाडं, मोजमापं एकमेकांपासून किती आणि कशी वेगळी असतात, एवढंच ते सांगतं. आज रेडिओवर फळा नाही, खडू नाही, त्यामुळे सूत्रही नाही. पण चार नाणी जवळ असतील तर ती हातात घ्या.

चारही नाणी एकदम उडवा आणि किती छापे पडले ते मोजा. छापा किंवा काटा असं प्रत्येक नाण्याचं दोन प्रकारे पडणं. त्यामुळे चार नाणी एकूण सोळा प्रकारे पडू शकतात. चारही छापे पडायला एकच प्रकार आहे. एकही छापा न पडायलाही एकच. एक छापा चार प्रकारे पडू शकतो, कारण तो चारांपैकी कुठल्याही नाण्यावर येईल. तीन छापेही चार प्रकारे. आणि दोन छापे, दोन काटे? ते सहा प्रकारे. म्हणजे आकडे असे झाले : १, ४, ६, ४, १. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरतं. नाण्यांना मध्याची काही आवड नसते. मध्यावर पोचायला वाटा जास्त आहेत, टोकाला पोचायला एकच वाट आहे, एवढंच त्यामागचं गुपित.

हे आकडे आपल्याकडे फार जुने आहेत. छंदात लघू आणि गुरू अशी दोनच प्रकारची अक्षरं असतात, छापा आणि काट्यासारखीच. चार अक्षरांच्या चरणात दोन गुरू किती प्रकारे येतील, हा तोच प्रश्न. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर भाष्य लिहिताना दहाव्या शतकात हलायुधानं या आकड्यांची उतरंड मांडून दाखवली. तिला 'मेरुप्रस्तार' म्हणतात.

आता नाणी दहा करा. एका फळीवर शून्य ते दहा अशा अकरा वाट्या ओळीनं मांडा. दहा नाणी उडवायची, जितके छापे पडतील तितक्या क्रमांकाच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा. असं सुमारे हजार वेळा करा. पाचव्या वाटीत अडीचशेच्या आसपास चिंचोके जमतील. चौथीत आणि सहावीत प्रत्येकी दोनशेच्या थोडे वर. तिसरीत आणि सातवीत सव्वाशेच्या आत-बाहेर. आणि दोन्ही टोकांच्या वाट्यांत एखादाच चिंचोका, कदाचित तोही नाही. या ढिगांच्या शेंड्यांवरून मनातल्या मनात एक दोरा ओढा. देवळातली घंटा मधोमध उभी कापली तर तिची कड जशी दिसेल, तसा तो दोरा दिसेल. मधे फुगीर, मग झपाट्यानं उतरणारा, आणि दोन्ही कडांना जमिनीशी जवळजवळ समांतर होत जाणारा. हाच तो प्रसामान्य वक्र. नाणी वाढवत गेलात तर पायऱ्या जाऊन रेषा गुळगुळीत होते. त्या गुळगुळीत रेषेचं गणित १७३३ मध्ये अब्राहम द मुआव्र यानं मांडलं. फ्रान्समधला धर्मछळ चुकवून तो लंडनला आला होता आणि शिकवण्या करून पोट भरत होता.

पण नाण्यांचा आणि आपल्या आयुष्याचा काय संबंध? संबंध असा : एका मुलाची उंची कशानं ठरते, याचा विचार करा. आईवडिलांकडून आलेली शेकडो जनुकं, त्यातलं प्रत्येक उंचीला थोडंसं वर ढकलणार किंवा खाली. शिवाय आईचं गरोदरपणातलं जेवण, बाळाला मिळालेलं दूध, झालेली जुलाबाची दुखणी, ताप. प्रत्येक कारण म्हणजे एक लहानसं नाणं. सगळी नाणी एकाच मुलाला छापा देतील असं क्वचितच घडतं. काही वर ढकलतात, काही खाली, आणि बहुतेक मुलं मधल्या वाट्यांत जाऊन पडतात. जिथे पुष्कळ लहान लहान कारणांची बेरीज होते, ती कारणं एकमेकांवर फारशी अवलंबून नसतात आणि कुठलंही एक कारण बाकीच्यांना दडपून टाकत नाही, तिथे ही घंटा दिसते. फ्रान्सच्या लाप्लासनं १८१० मध्ये हे गणितानं मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीच्या गाउसनं ग्रहगोलांच्या गतीवरच्या ग्रंथात हाच वक्र निरीक्षणांतल्या चुकांसाठी वापरला होता. एकाच ताऱ्याचं स्थान दहा वेळा मोजलं तर दहा थोडे थोडे वेगळे आकडे येतात, आणि तेही असेच मध्याभोवती गोळा होतात. जर्मनीनं पुढे आपल्या दहा मार्कांच्या नोटेवर गाउसच्या चित्राशेजारी हा वक्र छापला. युरो येईपर्यंत ती नोट चालत होती.

हा वक्र ओळखायला दोनच आकडे लागतात. पहिला सरासरी : घंटेचा मध्य कुठे आहे? तो आपल्या ओळखीचा आहे. दुसऱ्याकडे आपण दुर्लक्ष करतो. तो म्हणजे पसारा. समजा, एका रांगेत पाच मुलं आहेत. त्यांच्या उंच्या १०८, १०९, ११०, १११ आणि ११२ सेंटिमीटर. दुसऱ्या रांगेत पाच मुलं : १००, १०५, ११०, ११५ आणि १२०. दोन्हीकडे सरासरी ११०. पण दोन रांगा सारख्या आहेत असं कोण म्हणेल? हा फरक सांगणाऱ्या आकड्याला 'प्रमाण विचलन' म्हणतात. प्रत्येक उंची सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. पहिल्या रांगेत उत्तर येतं साधारण १.४ सेंटिमीटर, दुसरीत साधारण ७.१. घंटा अरुंद आहे की पसरट, ते हा आकडा सांगतो.

आता खरा आकडा घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये बालकांच्या वाढीची मानकं प्रसिद्ध केली. आपल्या अंगणवाड्यांतले वाढीचे तक्ते त्यांवर बेतलेले आहेत. या मानकांनुसार पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्याची सरासरी उंची ११० सेंटिमीटर, आणि प्रमाण विचलन साधारण ४.६. घंटेचा नियम असा की, सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन गेलं की शंभरातले ६८ जण आत येतात. म्हणजे साधारण १०५ ते ११५ सेंटिमीटर. दोन-दोन पावलं गेलं की ९५ जण येतात, म्हणजे साधारण १०१ ते ११९. तीन-तीन पावलं गेलं की हजारातले ९९७. हे तीन आकडे, ६८, ९५ आणि ९९.७, लक्षात ठेवले तर अर्धा विषय आला म्हणून समजा.

यावरून पहिली गोष्ट कळते ती ही की, सरासरी ही काही उत्तीर्ण होण्याची रेषा नाही. १०६ सेंटिमीटरचा मुलगा सरासरीपेक्षा चार सेंटिमीटर कमी आहे म्हणून आई कासावीस होते. पण उत्तम वाढणाऱ्या मुलांतही निम्मी मुलं सरासरीच्या खालीच असणार, आणि हा मुलगा तर मधल्या ६८ जणांतच आहे. १८३५ मध्ये बेल्जियमच्या केतले या खगोलज्ञानं 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली, आणि सरासरी म्हणजे आदर्श, बाकीचे म्हणजे निसर्गाच्या चुका असा सूर लावला. ताऱ्याचं स्थान एकच असतं, तिथे सरासरीपासूनचा फरक ही चूकच. माणसाचं तसं नाही. मुलांमधला फरक ही चूक नाही, ती वस्तुस्थिती आहे.

रक्ताच्या रिपोर्टचंही असंच आहे. आकड्यापुढे जी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, ती बऱ्याच चाचण्यांमध्ये निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून काढलेली असते. म्हणजे शंभर निरोगी माणसांतली पाच तिच्या बाहेर जाणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा वीस चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. म्हणून रिपोर्टवर एक ठळक अक्षरातला आकडा दिसला की धीर सोडू नये. आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. तो किती बाहेर आहे आणि सोबत इतर लक्षणं काय आहेत, हे डॉक्टरांना विचारावं.

सरासरीची रेषा ओढण्यावरून आपल्याकडे एक मोठा वाद झाला, तो इथे सांगायला हवा. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज सरासरी २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, असं त्यांनी धरलं. त्यावर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगभर नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. शरीराची गरजही माणसागणिक आणि दिवसागणिक कमी-जास्त होते. सरासरी गरजेपाशी रेषा ओढली तर कमी गरज असलेली निरोगी माणसंही उपाशी ठरतील. म्हणून रेषा सरासरीपासून दोन प्रमाण विचलनं खाली असावी, असं त्यांचं म्हणणं. दांडेकरांना ते मान्य नव्हतं, आणि या वादाच्या फैरी पुढे बरीच वर्षं झडत राहिल्या. दोन्ही बाजूंना धोका आहे हे तुमच्या ध्यानात येईल. रेषा मध्यावर ओढली तर पोट भरलेली काही माणसं उपाशी मोजली जातात. ती फार खाली नेली तर खरोखर उपाशी असलेली कित्येक माणसं पोटभर जेवणारी म्हणून मोजली जातात. एका वक्रावर रेषा कुठे ओढायची, यावर कोट्यवधी माणसांची मोजदाद अवलंबून होती.

आता ही घंटा कुठे लावू नये, तेही पाहू. एसटीच्या गाडीत पन्नास माणसं बसली आहेत. त्यात जगातला सर्वांत उंच माणूस येऊन बसला तर गाडीतल्या उंचीची सरासरी फार तर दोन सेंटिमीटरनं वाढेल. पण एखादा अब्जाधीश येऊन बसला तर सरासरी मिळकतीच्या हिशेबानं गाडीतला प्रत्येक जण कोट्यधीश ठरेल. मिळकतीत पैशाला पैसा जोडला जातो. तिथे लहान लहान कारणांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. त्यामुळे तिची घंटा होत नाही, एका बाजूला लांबलचक शेपूट निघतं. पावसाचंही तसंच. देशभरातल्या चार महिन्यांच्या पावसाची बेरीज केली तर ती बऱ्यापैकी घंटेसारखी वागते, कारण ती पुष्कळ दिवसांची आणि पुष्कळ जागांची बेरीज असते. पण एका जागचा एका दिवसाचा पाऊस तसा वागत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. साधारण अख्ख्या जुलैचा पाऊस एका दिवसात. घंटेच्या हिशेबानं असा दिवस युगायुगांत येऊ नये, पण तो आला. तेव्हा गटारांचा आणि पुलांचा हिशेब घंटेवर करू नये. आणि कंपन्यांत पाच-सहा जणांच्या तुकडीतही एकाला तरी 'खालचा' ठरवायचाच, असा 'बेल कर्व्ह' बसवतात, तोही त्यातलाच प्रकार. पाच नाण्यांच्या एका फेकीत घंटा उमटत नाही. मुलाखतीतून निवडून घेतलेल्या माणसांत तर मुळीच नाही.

शेवटी पुन्हा अंगणवाडीत जाऊ, कारण या वक्राचा खरा उपयोग तिथे आहे. तक्त्यावर सरासरीपासून दोन प्रमाण विचलनं खाली एक रेषा असते. वयाच्या मानानं उंची त्याखाली असेल तर मूल 'खुरटलेलं' धरतात. पाच वर्षांच्या मुलग्यासाठी ही रेषा येते १०० सेंटिमीटर आणि ७ मिलिमीटरवर. एकच मूल या रेषेखाली सापडलं तर त्यावरून खात्रीनं काही सांगता येत नाही. उत्तम वाढणाऱ्या मुलांतही शंभरात दोन-तीन मुलं तिथे असतातच. कदाचित हे मूल त्यांतलंच असेल. त्याच्याकडे नीट पाहायला हवं, दर महिन्याला मोजायला हवं, पण घाईनं निकाल देता येत नाही.

गावातल्या शंभर मुलांचं मात्र तसं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं या रेषेखाली आढळली. असायला हवीत दोन-तीन, आहेत पस्तीस. इथे 'मुळात ठेंगणी अंगकाठी', 'घराण्याचीच उंची' ही उत्तरं चालत नाहीत. कारण ही मानकं काही गोऱ्या देशांवरून काढलेली नाहीत. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजून ती काढली. भारतातली मुलं दिल्लीची होती. आईचं दूध, पुरेसं अन्न, स्वच्छता आणि औषधोपचार मिळाले तर सहाही देशांतली मुलं जवळजवळ सारखीच वाढतात, असं त्यात दिसलं.

मग पस्तीस टक्के याचा अर्थ काय? घंटा एक कडा मोडून पडत नाही. पस्तीस मुलं रेषेखाली जायची तर ढोबळ हिशेबानं अख्खी घंटाच दीड प्रमाण विचलनाच्या आसपास डावीकडे सरकायला हवी. म्हणजे रेषेच्या वर असलेली, वहीत 'साधारण' म्हणून नोंदलेली बहुतेक मुलंही वाढायला हवी होती तितकी वाढलेली नाहीत. पाच वर्षांच्या मुलांत हा फरक सरासरीला सात सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणून केवळ रेषेखालची मुलं हुडकून त्यांना खाऊचं पाकीट देणं पुरत नाही. आईच्या गरोदरपणातलं जेवण, स्वच्छ पाणी, संडास, पहिल्या दोन वर्षांतला आहार हे सगळ्यांसाठीच सुधारलं, तरच घंटा उजवीकडे सरकते, आणि ती सरकली की रेषेखालची गर्दी आपोआप ओसरते.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे कुणी 'नॉर्मल' म्हटलं की तीन प्रश्न विचारा. कुणाची सरासरी? तिच्याभोवतीचा पसारा किती? आणि ही गोष्ट पुष्कळ लहान कारणांच्या बेरजेतून घडली आहे, की एखाद-दुसरं मोठं कारण सगळ्यांना एका बाजूला ढकलत आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी तुमची स्वतःची अनाठायी काळजी कमी होईल. तिसऱ्यानं, गावातल्या मुलांची काळजी कुठे करायला हवी ते कळेल.